नावेचा तळ

बाबा, तुम्ही गेल्यावर मी लिहायला शिकले, आणि शिकल्यापासून तुम्हाला एकच गोष्ट लिहायची होती. मी त्या नावेला विटाळात हात लावला नव्हता. हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच तर राग येतो; ठाऊक नसतं तर कधीच विसरले असते.

त्या दिवाळीला मी माहेरी आसेगावला आले होते. त्रिपुरी पौर्णिमेला देवाचा दिवा तळ्यात सोडायचा, म्हणून गावानं तुम्हाला परातीएवढी लाकडी नाव करायला सांगितली होती. बैलगाडीच्या कामात तुमचा हात धरणारा सुतार नव्हता, पण इथे गाठ पाण्याशी होती. तुम्ही पांगाऱ्याच्या फळ्या जोडल्या आणि फटी बुजवायचं काम मला दिलं. मी अंगणात बसले आहे, कापसाची वळी पातळ केलेल्या राळेत बुडवून फटीत ठोकते आहे, वरून जवसाचं उकळलेलं तेल चिंधीनं चोळते आहे. लाकूड पिईल तितकं पाजायचं, उन्हात वाळू द्यायचं, पुन्हा पाजायचं. हे तुम्हीच शिकवलेलं. कडा झाल्या, तळ राहिला, आणि मला बाजूला बसावं लागलं.

पडवीतून सगळं दिसत होतं. पौर्णिमा उद्यावर आलेली, पाटलाचा माणूस विचारून गेलेला, आणि तुम्ही रंगाचं भांडं उघडलंत. मी बसल्या जागेवरून सांगितलं की तळाच्या फटी अजून बुजवायच्या आहेत. तुमचा कुंचला थांबला नाही.

"खालून कोन पाह्यते?"

"पानी पाह्यते, बाबा."

तुम्ही हसलात. लेक फार शहाणी झाली म्हणालात, आणि कोरड्या तळावर हिरवा रंग फासलात.

नाव तळ्याच्या मध्यापर्यंतही गेली नाही. मी घरीच होते. पुढचं आईनं सांगितलं. दिवा बुडाला तसा काठावरचा गलबला थांबला आणि एक म्हातारी म्हणाली, "त्याची पोरगी बाजूले बसली हाये न? तिनंच हात लावला असंन." तुम्ही पाण्यात उतरलात, नाव काढलीत आणि तळ पोटाशी धरून घरी आणलीत, कोणाला दिसू नये म्हणून. एक शब्द बोलला नाहीत. तोंडात काय राळ भरली होती?

ती गोष्ट माझ्याआधी केनवडला सासरी पोचली. सासू होती तोवर तिनं मला देवाच्या दिव्याची वातही वळू दिली नाही. पहिलं लेकरू गेलं तेव्हाही तिनं त्या तळ्याकडेच बोट दाखवलं. संक्रांतीला तुम्ही लुगडं पाठवलंत, चांगलं, काठाचं. मला लुगडं नको होतं, चारचौघांत तुमचं एक वाक्य हवं होतं. आणि तरी ते लुगडं मी विरेपर्यंत नेसले, याचाही राग येतो.

आता सासू नाही, तुम्हीही नाही. यंदा मी स्वतः नाव केली. आधी तळ. बैलांच्या हौदात दिवसभर सोडून ठेवली आणि संध्याकाळी आतून हात फिरवला, तर कोरडी. पौर्णिमेला आसेगावच्या त्याच तळ्यात दिवा मीच सोडणार आहे, सगळ्यांदेखत. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. तेलाचे हात पुसायला होईल. फक्त नाव अजून बिनरंगाची आहे. कुंचला हातात घेते, बाबा, आणि परत ठेवते. रंग तुम्ही लावायचात.