छकुलीचं पुरतं बोलणं

हे लिहायचं मी दिवाळीपासून पुढं ढकलतोय. आधी भिगवणला रोहित पक्षी आले म्हणून तिकडं गेलो, मग निवडणूक लागली. आता सोमवारी बारामतीत हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात, पण सह्या भरपूर घेतात. म्हणून बसलो.

मी, ऋतिक सावळाराम चांदगुडे, वय २६, मूळ राहणार सुपे, सध्या अंथुर्ण्यात भाड्यानं, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवतो की माझ्यामागं माझ्या वस्तूंचं असं करावं.

१. मोटारसायकल आबांना, म्हणजे वडिलांना. विकून शेळ्या घेतल्या तरी हरकत नाही. शेळी निदान संध्याकाळी घरी येते, असं ते मला ऐकवतातच.

२. तंबू माऊलीला. माझा दोस्त. तसाही त्यात तोच जास्त झोपलाय.

३. बापूसाहेबांच्या न्यूज चॅनलच्या माईकची वायर त्यांना परत द्यावी. नोकरी सोडताना माईक टेबलावर ठेवला, वायर खिशात राहिली. सोडायचं कारणही लिहितो. निवडणुकीत राजवर्धन या उमेदवारावर एका बाईनं छेडछाडीचा आरोप केला. बापूसाहेबांनी त्याचा फोटो लाल अक्षरांसकट दिवसभर चालवला, त्याला साधा फोनही न करता. पुढच्याच आठवड्यात छकुलीनं पोलिसांत तशीच तक्रार दिली, ती ज्याच्या क्लासमध्ये कामाला होती त्या मानसिंगविरुद्ध. मानसिंगही त्याच जागेचा उमेदवार, आणि चॅनलला जाहिराती देणारा. बातमीत तो झाला ‘एक उमेदवार’. छकुलीचं मात्र आडनाव, गाव, सगळं दाखवलं.

मी विचारायला गेलो. बापूसाहेब म्हणाले, “निवडणूक हाय. मानूस आयुष्यातनं उठंल.”

“मग राजवर्धन मानूस न्हवता का?”

“तू कॅमेरा धर.”

नाही धरला. चॅनलच्या छापाचं जाकीटही त्यांनाच द्यावं. उन्हाळ्यात घालावं.

४. मेमरी कार्ड. यात छकुलीची पूर्ण मुलाखत आहे. दुसऱ्या दिवशी मानसिंगच्या घरी जाऊन घेतलेलं त्याचं उत्तरही आहे, तेही न कापता. त्या दिवशी आपण गावातच नव्हतो, असं तो म्हणतो. चॅनलनं दोन्हीतलं काहीच दाखवलं नाही. नंतर राजवर्धनची माणसं आली, छकुलीचं तेवढं द्या म्हणाली. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मला छकुलीचंच खरं वाटतं. पण मी तिच्या बाजूचा माणूस, माझं वाटणं कुणी धरू नये. हे कार्ड छकुलीचं. तिला विचारल्याशिवाय ते कुणाला दाखवू नये, आणि दाखवलं तर दोघांचं पुरतं दाखवावं.

५. छकुलीला आणखी काय ठेवावं, सुचत नाही. ती आता वालचंदनगरला मावशीच्या क्वार्टरमध्ये राहते. मला बारामतीला जायचं असलं तरी गाडी आधी तिकडं वळते. फाटकापाशी थांबतो, झाडाखाली चहा घेतो, परत येतो. आतली कुठली खिडकी तिची, तेही माहीत नाही. कॅमेरा बंद केल्यावर ती एवढंच म्हणाली होती, “इतकं सलग मला कुनी बोलूच दिलं न्हाय.” नंतर ओढणीनं तोंड पुसून एसटीत बसली. खिडकीतनं हात करील असं वाटलं होतं. माझी एखादी वस्तू तिला घ्यावीशी वाटली तर कुणी अडवू नये. मोटारसायकल म्हणाली तर आबांनी समजून घ्यावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि मला तो कबूल आहे.

ठिकाण : अंथुर्णे, ता. इंदापूर
दिनांक : १५ मार्च २०२६
(सही) ऋतिक सावळाराम चांदगुडे

साक्षीदार :
१. माऊली दगडू गवळी (सही)
२. कौसल्या बबन शिंदे, घरमालकीण

कौसल्याकाकूंची सही राहिलीय. त्यांनी पेन हातात घेतलं आणि दार वाजलं. बाहेर प्रयागबाई, मानसिंगच्या आई. एकट्याच आल्यात, रिक्षानं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“लेकाचं समदं ऐकलंय म्या,” म्हणाल्या. “त्या पोरीचं कुनीच ऐकू दीना. तुज्याकडं हाय म्हनं.”

तिला विचारल्याशिवाय दाखवता येणार नाही, म्हणालो.

“मग इचार की.”

त्या खुर्चीत बसल्यात. मी फोन लावलाय. रिंग जातेय.