हरणाऱ्याला अजून एक डाव

ती. आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. गुडघा कसा आहे तुझा? आमच्या खेळघरात मालकांनी नवशिक्यांची पिनबॉलची, म्हणजे त्या गोळी उडवायच्या यंत्रावरच्या खेळाची, स्पर्धा माझ्यावर सोपवली. सराव मिळावा म्हणून मी नियम केला, जिंकेल तो बाजूला बसेल, हरेल तो पुन्हा खेळेल. शेवटी उरल्या एक शिंपीणबाई, एकूण एक डाव हरलेल्या! शेवटी उरली तीच जिंकली समजून टाळ्या पडल्या, म्हणून चषक त्यांनाच दिला. पहिलाच डाव जिंकून बसलेला टॅक्सीवाला म्हणाला, "मग मी कोण?" मला अजून कळलेलं नाही.

मालक नुसतं "उद्या भेट" म्हणाले. कामाला की निरोप द्यायला, देव जाणे.

बाबांचा माझ्यावरचा राग गेला का गं? त्यांना हळूच विचार, आपल्या घरी हरलेल्याला अजून एक डाव मिळतो का?

तुझाच,
धांदरट