खिळ्यांची साक्ष

सोमवार, ३

या टिपणांतून मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: ‘खिळ्यांची साक्ष’ या ध्वनिमुद्रिकेत माणसांनी घातलेल्याखेरीज दुसरे काहीही नाही. विरुद्ध पुरावा मिळाल्यास तोही इथेच नोंदवीन.

सकाळी पोहोचलो. चर्चच्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर मला खोली दिली आहे. टेबल डुगडुगत नाही, खिडकीतून भरपूर उजेड येतो. एकेचाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे? देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. माझ्या पिशवीतली चौदा पुस्तके पाहून त्यांनी विचारले, की साहेब राहायला आलेत की दुकान टाकायला. मी मनापासून हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पाळकांनी, म्हणजे इथल्या धर्मगुरूंनी, दुपारी प्रकरण समजावून दिले; त्यासाठीच मला परीक्षक म्हणून बोलावले आहे. इथल्या गायकवृंदात नवव्या वर्षापासून गाणाऱ्या एका मुलीने, आता ती सव्वीस वर्षांची आहे, ‘खिळ्यांची साक्ष’ हा इंडस्ट्रियल रॉक प्रकारचा अल्बम काढला. त्यात पत्र्याचे कारखाने, दाबयंत्रे, करवती यांचे आवाज आहेत आणि त्यांवर प्रभूच्या वधस्तंभाची गाणी. बाहेरच्या रॉकवाल्यांना तो फार देवभोळा वाटला आणि देवाच्या माणसांना फार लोखंडी. ख्रिस्ती दुकानांनी खोकीच्या खोकी परत पाठवली. वडीलमंडळातले, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठांच्या समितीतले, एक गृहस्थ म्हणाले, की पोरगी कानामागून आली आणि तिखट झाली. येत्या रविवारी सभा तिचा निर्णय करणार. वृंदातून तिला काढले, तर मंडळीच्या शाळेतली तिची संगीतशिक्षिकेची जागाही जाईल. शिवाय शेवटचे गाणे सभेत सर्वांपुढे वाजवावे, अशी काहींची मागणी आहे. दोन्ही प्रश्नांवर माझा अभिप्राय अंतिम मानला जाईल.

आरोप तीन. एक, गोंगाट उपासनेला शोभत नाही. दोन, शेवटच्या गाण्यात पापांगीकाराची, म्हणजे उपासनेत सर्वांनी मिळून पाप कबूल करण्याची, चेष्टा आहे. तीन, त्याच गाण्यात कुणा गायकाचा नसलेला आवाज आहे: वयस्क पुरुषाचा, मध्येच घसा खाकरणारा. तिसऱ्या आरोपाचे पत्र पाच महिन्यांपूर्वीचे आहे. साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात ते हेच.

मंगळवार, ४

दहा ते एक हेडफोन लावून पहिली आठ गाणी ऐकली. प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवली आहे. पहिल्या गाण्यात पत्रा कापला जातो आणि त्या किंचाळीच्या वर मुलगी अगदी हळू गाते, जणू शेजारी कुणी आजारी झोपले आहे. मला रॉक कळत नाही. पण तिला गाता येते, हे कळायला रॉक कळावे लागत नाही. पहिला आरोप टिकत नाही: गोंगाट हा दोष असला तरी पाप नव्हे.

दुपारी ध्वनिमुद्रक येऊन गेला. त्याला ठोक्या म्हणतात. एका बंद कारखान्यात दाबयंत्र पुन्हा चालू करून त्याने हे सारे टिपले. वडीलमंडळाला आवाजाचा त्रास होतो हे ऐकून तो म्हणाला, की पाळकसाहेब प्रवचनात टेबलावर मूठ आपटतात तेव्हा माझ्या यंत्राचा काटा याहून पुढे जातो, त्याची कुणी चौकशी लावत नाही.

शेवटच्या गाण्याची रचना त्याच्याकडून समजली. या मंडळीत दर रविवारी पुढे उभा असलेला माणूस एकेक चूक वाचतो आणि सभा एका सुरात ‘मीही’ म्हणते. पाळकांच्या मते इथली माणसे झोपेतही ‘मीही’ म्हणतात, प्रवचन चालू असताना तर हमखास. गाण्यात मुलगी तशाच नऊ चुका वाचते आणि प्रत्येकीनंतर यंत्राचे चार ठोके मोकळे ठेवले आहेत. तिथे कुणालाही उत्तर देऊ दिले नाही. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरात छापले आहे: ‘ऐकणाऱ्याने उत्तर देऊ नये.’ ठोक्याला वाटले होते, की ही खप वाढवायची युक्ती आहे.

बुधवार, ५

मुलगी आली. खुर्चीच्या कडेवर बसली. तिने सर म्हणून हाक मारली आणि माझा वेळ घेतल्याबद्दल दोनदा क्षमा मागितली.

नऊ चुका तिने रचलेल्या नाहीत. ती घरोघर गेली आणि प्रत्येकाकडे एकच मागितले: कधी कुणापुढे कबूल केली नाही अशी एक गोष्ट. लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिली. तिने वाचून ध्वनिमुद्रित केली. काही आठवड्यांनी ती एका म्हाताऱ्याकडे परत गेली. आजारी वडिलांच्या हाताला लागणार नाही असे पाणी ठेवल्याचे त्याने लिहून दिले होते. आता तो आनंदाने सांगत होता, की वडिलांना मी चमच्याने पाणी पाजायचो. त्याच्या बायकोलाही तेच आठवत होते. बाकीच्यांकडेही असेच झाले होते.

तिचे म्हणणे असे, की चूक माणसाला सोडून जाते, पण मोकळी राहत नाही. ती धनी शोधते. म्हणून त्या चार ठोक्यांत गप्प बसायचे. गप्प बसणे हीच त्या गाण्यातली प्रार्थना. तिने प्रकाशकाकडे गाणे मागे घ्यायची विनंती केली होती, त्याने हसण्यावारी नेली. शेवटी ती म्हणाली, की मला वृंदातून काढा, सर, शाळाही जाऊ दे, पण ते सभेत वाजवू नका. चारशे माणसं आहेत आणि सगळ्यांना उत्तर द्यायची सवय आहे.

तिचा दोष अगदी उघड आहे: म्हाताऱ्याची आठवण चुकली एवढ्यावरून चुकीला पाय फुटतात असे निघत नाही. मी तिला सौम्यपणे सांगितले. तिने वाद घातला नाही. जाताना मात्र विचारले, की तुम्ही अजून ऐकलं नाही ना. मी म्हणालो, उद्या.

गुरुवार, ६

शेवटचे गाणे ऐकले. मोकळ्या जागेत कोणताही आवाज नाही. तिसरा आरोप खोटा.

मोकळी जागा ‘मीही’ या शब्दासाठीच मापली आहे का, हे दुसऱ्या आरोपासाठी तपासणे आवश्यक होते. म्हणून दुसऱ्यांदा गाणे लावून मी तो शब्द नऊही वेळा मोठ्याने उच्चारला. शब्दाचा दाखला देणे म्हणजे शब्द वापरणे नव्हे, हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. शब्द नेमका बसतो. सहाव्या वेळी घसा खाकरावा लागला, तरीही बसला. म्हणजे जागा प्रार्थनेच्याच मापाची आहे, चेष्टेची नाही; दुसरा आरोपही खोटा.

अभिप्राय लिहून सही केली: मुलगी निर्दोष आहे, तिची जागा कायम राहावी. गाणे रविवारी सभेत जरूर वाजवावे, कारण जे ऐकून भीती जाते ते न ऐकवणे हाच भीतीला खुराक आहे. पाळक खूश झाले. म्हणाले, की असा युक्तिवाद वाचून मलाच आरोप करावेसे वाटताहेत, उत्तर इतकं छान मिळतं.

चार वाजता मावशी रागावून आल्या. सकाळी कोठीघराची कडी बाहेरून पडली आणि त्या आत अडकल्या. त्यांनी हाका मारल्या. फटीतून त्यांना मी दिसलो. मी दाराशी येऊन उभा राहिलो, ऐकले आणि परत गेलो, असे त्या म्हणाल्या. मोठी माणसं अशी वागायला लागली तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असेही म्हणाल्या.

मी टेबलापाशीच होतो. नोंदवही पाहिली. १०.४० ते १०.५१ या वेळेत नोंद नाही.

गाण्यातली पहिली चूक अशी आहे: कुणीतरी हाका मारत होतं, मी कडी काढली नाही.

योगायोग. एका उदाहरणावरून नियम निघत नाही.

शुक्रवार, ७

दुसरी चूक: पत्र माझ्या नावाचं नव्हतं, मी ते फोडलं.

टेबलाच्या खणात पाळकांच्या नावाचे पाकीट सापडले, माझ्याच चाकूने कापलेले. पत्र मुलीचे. गाणे वाजवू नये म्हणून तिने कळवळून लिहिले आहे. म्हणजे पाळकांना ते मिळालेलेच नाही. ते माझ्या खणात कसे आले, मला आठवत नाही.

दोन उदाहरणे.

तिसरीची, हाताला न लागणाऱ्या पाण्याची, मला आठवण आहे. इथेच मी घाबरलो, हे नोंदवतो. काल रात्रीपर्यंत ती आठवण नव्हती. आज आहे. बाबांची खाट, निळ्या काठाचा पेला. तो मी खिडकीत ठेवतो आहे. त्यांचा हात तिथवर पोहोचत नाही, आणि मी तो पाहतो आहे.

माझे वडील मी परदेशी शिकत असताना गेले. मी तिथे नव्हतोच. खात्रीसाठी धाकट्या बहिणीला फोन केला. शेवटच्या दिवसांत बाबांजवळ कोण होते, असे विचारले. ती म्हणाली, की दादा, तूच म्हणाला होतास ना, हा विषय पुन्हा काढायचा नाही. आम्ही कधी काढला का? आता तू का काढतोस?

मी तिला विचारले, की पेल्याचा काठ कोणत्या रंगाचा होता.

तिने फोन ठेवला.

शनिवार, ८

सकाळी पुन्हा ऐकले. मोकळ्या जागेत उत्तर आहे. नऊही वेळा. वयस्क पुरुषाचा आवाज. सहाव्याआधी खाकरणे.

ठोक्याला बोलावले. त्याने मूळ मुद्रण आणले, त्यातही आहे. दुकानांतून परत आलेल्या खोक्यांतली एक प्रत फोडली, तीतही. तो म्हणाला, की सर, हा तर पहिल्यापासूनच आहे, यावरूनच तर एवढा गदारोळ झाला. मग माझ्याकडे बघत राहिला. आम्हाला वाटायचं, कुणीतरी मागून घुसवलाय. तुमच्यासारखाच आहे की, म्हणाला. हसू लागला आणि थांबला.

पाच महिन्यांपूर्वी त्यांनी जो आवाज ऐकला तो माझा. मी गुरुवारी दिला.

कार्य कारणाच्या आधी — हे अशक्य आहे. अशक्य आहे हे मी सिद्ध करू शकतो. पण आवाज तिथे आहे.

अकराला पाळकांकडे गेलो. एकच वाक्य बोलायचे होते: गाणे वाजवू नका. समोर बसलो. त्यांनी विचारले, काही विशेष? मी खुर्च्यांच्या मांडणीबद्दल बोललो. पाऊण तास. हवेबद्दल बोललो. ते वाक्य जिभेवर होते आणि मी — माझी वाचा गेली नव्हती. मला बोलायचे नव्हते. मनापासून नको होते. जिन्यावर आल्यावर पुन्हा हवे झाले. परत गेलो. पुन्हा खुर्च्या. पाळक म्हणाले, की तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त काळजी करता.

सातवी चूक: मला खरं माहीत होतं, मी गप्प राहिलो.

मुलगी फाटकाशी उभी होती. तिने विचारले, की सर, तुम्ही उत्तर दिलंत का. मी दाखला, उच्चार, भेद वगैरे सांगू लागलो. तिने मध्येच हात धरला. तिचे डोळे भरले होते. पाळकांचे दार तिला बंद आहे. आरोपीने निर्णयाआधी भेटायचे नाही, हा नियम. तो मीच सुचवला होता, निःपक्षपातासाठी.

तिने एकच सांगितले: बोलता येत नसेल तर लिहा.

रविवार, ९

दहा वीस. खाली सभा सुरू. प्रार्थना चालू आहे. गाणे अकराला.

लिहिता येते. हे तिने बरोबर ओळखले. खाली जाऊन वही पाळकांच्या हातात देणार. वाचा म्हणणार नाही — म्हणता येणार नाही. पण डोळ्यांपुढे धरीन.

पाळकसाहेब, खालील वाचा आणि गाणे बंद ठेवा.

गुरुवारचा माझा अभिप्राय दोन भागांत आहे. मुलगी निर्दोष आहे, हा भाग कायम. ते माझ्या सगळ्या आयुष्यातले कदाचित एकच — असो. गाणे सभेत वाजवावे, हा भाग मी मागे घेतो. खालची चारशे माणसे सवयीने उत्तर देतील. मावशी देतील. लहान मुले देतील, त्यांना तर अर्थही विचारायची सवय नाही. मग त्यांच्या घरांत काय काय घडून गेलेले असेल — आधीच. कुणाच्या वडिलांच्या खाटेशी —

माझी चूक एक. दाखला म्हणून उच्चारलेला शब्द उच्चारणाऱ्याला बांधत नाही, हे मी सिद्ध न करता गृहीत धरले. ही चूक माझी आहे. कुणाकडून आलेली नाही. ही मी स्वतः केली.

सही — परीक्षक

दहा बत्तीस. उठतो.

दहा चाळीस. अजून खोलीतच. वहीची आधीची दोन पाने मी आत्ता — तुकडे टेबलावर आहेत. माझे अक्षर. काय लिहिले होते त्यांत? सगळे तुकडे जुळत नाहीत.

नववी चूक नीट ऐकलीच नव्हती: लिहिलेलं मी फाडलं.

कबुलीचे पान शाबूत आहे. उजवा हात मांडीखाली दाबून बसलो आहे. डाव्याने लिहितो. अक्षर वाकडे. मावशींना हाक मारली. मावशी खाली आहेत. सगळे खाली आहेत.

खाली यंत्राचा ठोका. अकरा वाजले नाहीत — लवकर लावले —

तिचा आवाज. पहिली चूक वाचते आहे. एक ठोका. दोन. पायऱ्या सोळा आहेत, मी धावलो तर —

चारशे जणांनी एका सुरात —

उजवा हात सुटला. पानाचा कोपरा धरतो आहे. पाळकसाहेब, सही माझीच आहे, मुलीला काही करू नका, हे पान तरी