टोकावड्याच्या गिरणीचे चाक

मुरबाड, ५ डिसेंबर १९४३
काळूरामशेठ सकाळीच दारात! टोकावड्याच्या त्यांच्या भातगिरणीचे इंजिन बंद पडले. आतले दातेरी चाक फुटले. लढाईमुळे मुंबईत नवे मिळत नाही. "मिस्त्री, तुमीच काय तो मार्ग काढा." हो म्हटले. कापडगिरणीत असताना मोडीत घेतलेले, धातूत दात कापायचे मिलिंग मशीन घरात आहे खरे — पण दात सारख्या अंतरावर पाडायचे तर गोलाचे सारखे भाग करणारे साधन हवे. ते नाही. बनवावे लागेल.

९ डिसेंबर
सागाची मोठी तबकडी कातून घेतली. लांब कागदी पट्टीवर फुटक्या चाकाच्या दातांइतक्या सारख्या खुणा करून ती कडेभोवती चिकटवली. वत्सलेने खळ करून दिली. पट्टीची टोके बरोबर भिडेपर्यंत आम्ही नवराबायको श्वास धरून! आता दर खुणेवर भोक. भोकात खिट्टी अडकवली की तबकडीच्याच दांड्यावर बसवलेले चाक हलत नाही. एक दात कापायचा, खिट्टी काढून पुढच्या भोकात घालायची.

१४ डिसेंबर
जमले! लाकडाच्या चकतीवर दात पाडून पाहिले. वत्सला मशीन फिरवत होती, मी खिट्टी सरकवत होतो. शेवटचा दात पहिल्याशेजारी अगदी बरोबर येऊन बसला. आता बिडाची, ओतीव लोखंडाची चकती शोधून कापली की झाले.

१६ डिसेंबर
चाकाच्या आसाचे माप घ्यायला टोकावड्याला गेलो. चुलतबहीण जनीच्या अंगणात बायका भात कांडत होत्या. गिरणी आली तेव्हा यांचे काम गेले — ते इंजिन मीच बसवले होते! आता गावचे भात पुन्हा यांच्याकडे. कांडणापोटी तांदूळ मिळतात. जनीची सून बारकीही खाली मान घालून मुसळ मारत होती. जनी हसत म्हणाली, "दादा, यंदा घरात तांदूळ हाय बघ. तुजी गिरनी बंद पडली ती बरीच झाली!" जेवायला वाढले.
निघताना शेठने चाक कुठवर आले ते विचारले. तोंडातून निघून गेले — "तबकडी चुकतेय. शेवटचा दात बारका येतो."
खोटे. साफ खोटे.

२३ डिसेंबर
चकती मिळाली. हात लावला नाही.

२९ डिसेंबर
वत्सला विचारते, "दात तर बरोबर आले व्हते. मीच मशीन फिरवलं ना?" मग जनीचे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. "तरी पन शेठला खरं सांगायला हवं व्हतं तुमी." मी कानस घेऊन घासत बसलो. घासण्यासारखे काही नव्हते!

४ जानेवारी १९४४
शेठ आले. शिव्या खायची तयारी ठेवली होती. उलट मलाच समजावले, "घाई नको मिस्त्री. तुमच्या हातनं व्हनार, मला ठावं हाय." वालाच्या शेंगा ठेवून गेले. हे मशीन कल्याणहून त्यांच्याच बैलगाडीतून आले होते. भाडे घेतले नव्हते. आणि मी — ! जनीचे भले मी त्यांच्या पोटावर पाय देऊन करतो आहे.

७ जानेवारी
कापले चाक. एका दिवसात झाले. इतके सोपे! उद्या घेऊन जातो. शेठना सगळे सांगेन, जनीलाही सांगेन. आज जेवताना वत्सलेकडे नीट पाहता आले.

८ जानेवारी
आधी जनीकडे गेलो. अंगण रिकामे. बारकीला सातवा महिना होता. परवा कांडता कांडताच पोटात कळा आल्या. मूल गेले. बारकी आत निजून होती, भिंतीकडे तोंड करून. सातवा! त्या दिवशी मी समोर बसून जेवलो, आणि मला दिसले नाही.
जनीने माझ्या हातातले चाक पाहिले. मलाच धीर देऊ लागली — "तुजा काय दोस रे दादा? चाकच बनत नवतं, शेठ सांगत व्हते, त्याला तू तरी काय करशील?"