सीमूचा क्लास

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
४ नोव्हेंबर २०२४

ती. मंदाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते. आणि खरं सांगू, फोनवर तू लगेच रागावशील म्हणूनही. मी व्यायामाच्या क्लासला जायला लागले आहे. योगासनांच्या नव्हे. कॉलनीतल्या हॉलमध्ये पंधरा-वीस जणी मोठ्याने गाणी लावून उड्या मारतात, डंबेल उचलतात, धापा टाकत बसतात आणि पुन्हा उठतात. बहुतेक कॉलेजातल्या पोरी. शिकवणारी सोनिका. आठ वर्षांचा संधिवात आहे म्हटल्यावर ती म्हणाली, दीदी, पहले डॉक्टर से पूछ के आओ.

डॉक्टर हो म्हणाले, पण अटी घालून. उड्या नाहीत, गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि सांधा सुजून गरम असेल त्या दिवशी घरीच बसायचं.

हे कुठून सुचलं, असा तू विचार करून राहिली असशील. गेल्या महिन्यात शाळेत मुलांबरोबर सतरंजीवर बसले आणि उठताच येईना. माझ्याबरोबरच्या दोन शिक्षिकांनी काखेत हात घालून मला उभं केलं. सगळा वर्ग बघत होता ग.

ओरडायचं तर पत्रातून ओरड, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
सीमू


सातारा
१५ नोव्हेंबर २०२४

चि. सीमंतिनीस,
अ. उ. आ.

तुझं ते 'करून राहिली' वाचून हसू आलं. जन्म ग्वाल्हेरचा माझाही, पण सातारकरांनी माझी भाषा केव्हाच सुधारली. पुढचं वाचलं आणि हसू गेलं.

बापाचंच दुखणं लेकीला आलं; अण्णांना हेच होतं, विसरलीस का? चालायचा हट्ट धरून न्हाणीघरात घसरले आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. तुझ्या दुखण्याचं नाव कळलं तेव्हापासून मला तीच धास्ती आहे. फिरायला जा, घरात हात-पाय हलव, कोण नको म्हणतंय? त्या पोरींची हाडं वेगळी आणि तुझी वेगळी. सेहेचाळिसाव्या वर्षी हे कुणाला दाखवायचं आहे?

लक्ष्मीकांतरावांना नमस्कार. तुला आशीर्वाद, आणि थोडी अक्कल.

तुझी,
ताई


ग्वाल्हेर
८ जानेवारी २०२५

ती. मंदाताई यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सीमंतिनीच्या नकळत लिहितो आहे. डिसेंबरात तिची तब्येत इतकी छान होती की मीच तिला चिडवायचो. मग इथली थंडी वाढली आणि तिचा उजवा गुडघा सुजला. तिने कुणाला सांगितलं नाही. वरून गुडघ्याचा पट्टा चढवून क्लासला गेली, सगळ्यांबरोबर उडी मारायला गेली आणि पडली.

हाड मोडलेलं नाही. डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढलं, औषध बदललं. सोनिका घरी येऊन रडून गेली. दीदी ने बताया ही नहीं, एवढंच म्हणत होती. सीमंतिनी मात्र भिंतीकडे तोंड करून पडून असते. बरी झाले की परत जाणार, एवढंच बोलते.

माझं ती ऐकत नाही. तुमचा शब्द मोडणार नाही. तुम्ही तिला थांबवा.

आपला,
लक्ष्मीकांत


सातारा
१६ जानेवारी २०२५

चि. सीमूस,
अ. उ. आ.

मला सगळं कळलं आहे. लक्ष्मीकांतरावांवर चिडू नकोस, ते घाबरलेत. मीही. परवा स्वयंपाकघरात भांडं पडलं, आणि मला वाटलं तूच पडलीस.

आता पुरे. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. तो क्लास सोडते असं लिहून पाठव. नाहीतर मी माझ्या गळ्याची शपथ घालीन.

लवकर बरी हो. वाट बघते आहे.

ताई


ग्वाल्हेर
२७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा लपवला ही माझी चूक. सगळ्या गोलात उभ्या होत्या. बाजूला बसले तर पुन्हा 'बेचारी दीदी' होईन असं वाटलं. सोनिकाचा यात काही दोष नाही.

पण ताई, अण्णा पडले तेव्हा तू सासरी होतीस. मी घरी होते. त्यांचं हाड जुळलं होतं ग. पण हलू नका, हलू नका म्हणत आपण सगळ्यांनी त्यांना पलंगावरच ठेवलं. चार वर्षं मी त्यांना कूस बदलून दिली. शेवटी शेवटी घासही हाताने तोंडापर्यंत नेता येत नव्हता. तू त्यांच्या पडण्याला भितेस. मी पडून राहण्याला भिते. आत्ताही, या पलंगावर.

शपथ घालू नकोस. घातलीस तर मी पाळीन, म्हणून घालू नकोस. त्याआधी एकदा येऊन बघ.

तुझ्या मनातलं माझं लाडकेपण तेवढं ठेव.

सीमू


सातारा
२४ मार्च २०२५

चि. सीमूस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तुझ्याकडे होते तेव्हा तोंडाने बोलता आलं नाही ते आता लिहिते.

शपथ घालायचीच असं ठरवून मी आले होते. त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसले. मला नीट ऐकू येत नाही तरी ते गाणं खुर्चीच्या पायांतून अंगात शिरत होतं! सगळ्या उड्या मारत होत्या आणि तू जागच्या जागी टाचा उचलत होतीस. मध्येच तू गुडघ्यावर हात ठेवलास, सोनिकाला खूण केलीस आणि भिंतीशी येऊन बसलीस. बाकीच्या चालूच राहिल्या. कुणी वळून बघितलं नाही. पाणी प्यालीस, चेहऱ्यावर लाज नव्हती. मग उठलीस. जमिनीवरून, कुणाचा हात न धरता. तेव्हा मी डोळ्यांना पदर लावला; तुला वाटलं, पंख्याचा वारा झोंबला.

शपथ न घालताच परतले. काळजी मात्र माझ्याबरोबर इथवर आली आहे.

आणि हे काय ग? स्टेशनवर हमाल शोधेपर्यंत माझी बॅग उचलून तू डब्यात ठेवलीससुद्धा. गाडी सुटल्यावर आठवत बसले की कुठल्या हाताने उचललीस. आठवेना. मनगट सुजलं असेल तर तसं लिही. सुजलं नसेल तर तेही लिही, पण खरं लिही.

तुझी,
ताई