टाकीवरचा उजेड

ता. १४, रविवार

प्रिय सूनबाई,

सकाळी दूध तापवलं. हिला गोळ्या दिल्या. माशांच्या टाकीची काच आतून खरवडली. दुपारी जेवण झालं, ही झोपली, आणि मी लिहायला बसलो.

तुला सूनबाई म्हणायचं की नाही, हा प्रश्न लिहितानाच पडला. समोर असताना मी तुला कधी नीट हाकच मारली नाही, नुसतं 'अगं' म्हणून भागायचं. आता दुसरं काही सुचत नाही, तेव्हा हेच राहू दे.

परवा फोनवर तू म्हणालीस, की नोकरी सोडून कायमची इकडेच राहायला येते, आईंना सोबत होईल आणि टाकीचंही बघता येईल. ही शेजारीच कान लावून उभी होती, म्हणून मी 'बघू' एवढंच म्हणालो. माझं 'बघू' तुला माहीत आहे. नीट उत्तर द्यायचं तर आधी टाकीचं सांगायला हवं. फोनवर मी नेहमी 'ठीक चाललंय' म्हणायचो, ते खरं नव्हतं.

तू इथून गेलीस तेव्हा टाकीतली लाल पानांची रोपं फिकी पडायला लागली होती. बाजारच्या तयार दिव्याचा उजेड त्यांना पुरत नाही, म्हणून तर आपला खटपट्या पोरगा घरी दिवा बनवत होता. तो गेला तेव्हा दिवा त्याच्या टेबलावर अर्धवट राहिला होता. अॅल्युमिनियमची लांब पन्हळ, तिच्यात ओळीने चिकटवलेल्या एलईडीच्या पट्ट्या, पांढऱ्या जास्त आणि मधे दोन लाल, वायरी नुसत्या लोंबत. त्या टेबलाला आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता. एके दिवशी हीच म्हणाली, "जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढलेत, पोराचा एक दिवा पुरा करता येत नाही?" टोमणाच होता. पण तो गेल्यापासून ती एवढं सलग पहिल्यांदाच बोलली होती. मी लगेच उठलो.

सोल्डर मारायला मला कुठलं येतंय! सुरुवातीचे सगळे जोड हात लावला की सुटायचे, बोटं मात्र भाजली. दुकानात वायर घ्यायला गेलो आणि मापं सांगितली, तर दुकानदार म्हणाला, "काका, आरशांभोवती दिवे लावून सलून काढताय की काय?" मी हो म्हणालो. खरं काय सांगणार? वायर प्लगला जाण्याआधी खाली झोल ठेवायचा, म्हणजे पाणी ओघळलं तरी झोलावरून खाली ठिबकतं, प्लगपर्यंत जात नाही, हे तूच फोनवर सांगितलंस. "ते असंच करायचे," म्हणालीस.

दिवा लागला तेव्हा पाण्यातलं एकेक पान वेगळं दिसायला लागलं. ही खुर्ची ओढून टाकीसमोर बसली. जेवणाचं ताट तिथेच मागितलं आणि ते संपवलं. पुढे रोपांनाही लालसर कोंब फुटले. मला वाटलं, जमलं.

तू सांगितल्याप्रमाणे मी टायमर लावला होता. आठ तास उजेड आणि मग अंधार. उजेड फार झाला तर रोपांच्या वाट्याचं सगळं शेवाळ खातं, हे तुझं वाक्य मला पाठ झालं होतं. पण टायमरने दिवा विझवला की ही उठून परत लावायची. मी समजावलं. खूपदा समजावलं. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "त्याला अंधारात कसं ठेवू?" रोपांना नाही म्हणाली. त्याला म्हणाली. एकदा मी हट्टाने दिवा बंद केला. ती काचेला हात लावून तशीच बसून राहिली. हाका मारल्या तरी ओ देईना, पाणीसुद्धा प्यायली नाही. शेवटी मीच बटण दाबलं आणि टायमर कपाटात टाकला. तेव्हापासून दिवा विझलेला नाही.

आधी काचेवर तपकिरी थर आला. मग पानांवर हिरवे केस वाढले, मग पाणीच हिरवं झालं. खाली रोपं कुजली. मासे एकेक करून गेले. ही अंघोळीला गेली की मी ते काढून टाकायचो. आता टाकीत काहीच नाही. हिरवं पाणी आहे आणि वर आपल्या मुलाचा दिवा आहे. दिवा उत्तम चालतो. ही शेजारणीला बोलावून दाखवते, "बघा, कसं भरभरून वाढलंय." शेजारीण माझ्याकडे बघते. मी चहा ठेवायला आत जातो. डॉक्टर पूर्वी 'वेळ लागेल' म्हणायचे, आता नुसत्या गोळ्या बदलून देतात.

तुझा फोन झाल्यापासून हिने टाकीसमोर आणखी एक खुर्ची आणून ठेवली आहे. मला तिच्यात बसू देत नाही, "ती तिची आहे" म्हणते. म्हणून हे पत्र. तू येऊ नकोस. एकदा त्या खुर्चीत बसलीस की ही तुला उठू देणार नाही, आणि तूही उठणार नाहीस, तुझा स्वभाव मी ओळखतो. तू आल्याने ही बरी होईल असं वाटलं असतं, तर मी स्वतः तुला आणायला आलो असतो. तसं होणार नाही. तुझ्यासाठी सांगून आलेल्या स्थळाबद्दल तुझ्या आईने मला कळवलंय. माणूस बरा असेल तर हो म्हण, आम्हाला मधे आणू नकोस. हिला मी सांगेन की मीच तुला नको म्हणालो. ती माझ्याशी बोलणं टाकेल, तसंही फारसं बोलत नाही. आणि फोनही आता करू नकोस. तुझा आवाज ऐकला की दिवसभर दाराकडे बघत बसते. तुझ्या फोनची मीही वाट बघायचो. तोंडाने कधी म्हणालो नसतो, म्हणून लिहिलं.

दोरीवरचे कपडे वाळले असतील. ही उठायच्या आत काढून घड्या घालतो.

तुझाच,
बाबा