लाल तुऱ्याच्या दहा

३ जून, सकाळी ७.४०
मागच्या दारी खुराड्याला शेवटचा खिळा ठोकत असताना दादा आला. म्हणाला, पैसे मी उसने देतोय, सप्टेंबरअखेर अंडी दिसली नाहीत तर मुकाट्याने दाजींच्या पिठाच्या गिरणीत कामाला जायचं. दाजी गिऱ्हाइकांसमोर मला 'पंडित' म्हणतात. मेलो तरी त्या गिरणीची पायरी चढणार नाही.

४ जून
अंड्यांना चांगली आणि मांसालाही चांगली, अशी दुहेरी जात हवी. ऑस्ट्रालॉर्प मनात होती, पण ती शुद्ध कशी लिहायची याची खात्री होईना. म्हणून ऱ्होड आयलंड रेड.

५ जून, दुपारी
विक्रेत्याच्या दारावर पाटी: 'दुहेरि ऊपयोगाची कोंबडि'. तीन शब्द, तीन चुका! म्हणतो, साहेब, दोन महिन्यांची आहेत, नर-मादी वेगळी केलेली नाहीत. लाल तुरा बघून भुलू नका. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही तो मला शिकवणार? एकेक हातात घेऊन दहा निवडल्या. तुरा लाल, पाय जाड, नजर जरबेची.
वहिनीने फिकट तुऱ्याच्या दोन मरतुकड्या उचलल्या, स्वतःच्या पैशांनी. म्हणाली, असू द्या भावोजी, ह्या माझ्या. मी बजावलं, माझा दाणा त्यांना मिळणार नाही.

११ ऑगस्ट, पहाटे ४.५०
एक आरवली. अंड्याआधी गळा मोकळा करत असावी. शेजारचा शिंपी भिंतीवरून ओरडला, अरे, कोंबडी पाळलीस की भोंगा?

१९ ऑगस्ट
पाच आरवतात. शिंपी म्हणतो, नर आहेत. ह्याने माझ्या पँटचा एक पाय आखूड शिवला होता. मापाबद्दल त्याने बोलूच नये.

६ सप्टेंबर
दहाही आरवतात. जातीचा गुण. अंड्याचं कवच भक्कम व्हावं म्हणून दाण्यातला शिंपल्यांचा चुरा दुप्पट केला. शिंप्याशी अबोला.

१८ सप्टेंबर
अंडं!!! दादाला ऑफिसात फोन केला. वहिनी म्हणते, ते माझ्या फिकटीचं, तिच्याखाली गरम होतं. वर बसली म्हणून तिचं? मी स्टुलावर बसतो. स्टूल मी घातलं का? वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली. असभ्यपणा.

२९ सप्टेंबर
फिकट्या दोघी रोज घालतात. माझ्या दहा त्यांचं पाहून शिकतील. अजून एक दिवस आहे.

३० सप्टेंबर, संध्याकाळी
दादाने परस्पर विक्रेत्याला बोलावलं. तो खुराड्यात वाकला आणि खोखो हसत सुटला. साहेब, दहाच्या दहा कोंबडे! इतकं नेमकं निवडणं माझ्या बापालाही जमलं नसतं! मी म्हणालो, जात दुहेरी आहे, मांसाचा अर्धा भाग यशस्वी झाला. दादा म्हणाला, उद्या सात वाजता गिरणी.
विक्रेत्याने दहाही विकत घेऊन पावती दिली: 'कोंबडे १०'. तीनदा वाचली. चूक सापडली नाही.

खर्च: पिल्लं १५००, खुराडं २२००, दाणा ३९००. एकूण ७६००.
जमा: कोंबडे ३५००.
दादाचं देणं: ४१००.
वहिनीचं देणं: आज रात्रीच्या ऑम्लेटची दोन अंडी.